‘सार्थ अंक’ की ‘सार्थक अंक’, आणि 4.70 मधील शून्य

इंदूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, मुलीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या हिंदी पुस्तकात ‘सार्थक अंक’ (इंग्रजीत significant figures, म्हणजे मापनाच्या नोंदीतील मोजून मिळालेले अंक) असा शब्द आहे. घरी मराठीतून समजावताना तोच ठेवावा, ‘सार्थ अंक’ म्हणावे, की सरळ ‘महत्त्वाचे अंक’ म्हणून मोकळे व्हावे? शिवाय 4.7 आणि 4.70 यांची किंमत एकच असताना त्या शेवटच्या शून्याला ‘सार्थ’ कशासाठी म्हणायचे?

माझे मत ‘सार्थ अंक’ या शब्दाच्या बाजूने आहे. मराठीत ‘सार्थक’ हा शब्द बहुधा नाम म्हणून येतो: जन्माचे सार्थक झाले, कष्टांचे सार्थक झाले. त्यात कृतार्थतेची छटा आहे आणि ती येथे उपयोगाची नाही. ‘सार्थ’ म्हणजे अर्थासह असलेले; सार्थ ज्ञानेश्वरी घरात असलेल्या मराठी माणसाला हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ‘महत्त्वाचे अंक’ मात्र टाळावे, कारण महत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर 4.70 मधील 4 सर्वांत मोठा आणि शून्य नगण्य ठरेल. येथे प्रश्न अंक किती मोठा आहे हा नसून, तो प्रत्यक्ष मापनाच्या आधारावर लिहिलेला आहे की नाही हा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या साध्या पट्टीने एखाद्या दांड्याची लांबी 4.7 सेंटिमीटर नोंदवली, तर पुढचा अंक 0 आहे, 2 आहे की आणखी काही, याबद्दल आपण काहीच विधान केलेले नसते. तोच दांडा सेंटिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणाऱ्या व्हर्नियर कॅलिपरने मोजून 4.70 लिहिले, तर ‘त्या जागेपर्यंत मी पाहिले आणि तेथे शून्य मिळाले’ असे आपण सांगतो. शेवटच्या अंकात थोडी अनिश्चितता राहतेच, तरीही तो सार्थ अंकांतच मोजतात. गणितात या दोन संख्या समान असल्या, तरी मापनाच्या नोंदी म्हणून त्या भिन्न आहेत. म्हणून प्रयोगवहीत 4.70 च्या जागी 4.7 लिहिणे म्हणजे मिळवलेली माहिती गमावणे होय, आणि 4.7 च्या जागी 4.70 लिहिणे त्याहून वाईट, कारण तो न केलेल्या मापनाचा दावा ठरतो.

डावीकडील शून्यांचे तसे नाही. 4.70 सेंटिमीटर म्हणजेच 0.0470 मीटर, एकक बदलल्याने मापन अधिक सूक्ष्म झालेले नाही, त्यामुळे सार्थ अंक तीनच राहतात, दशांश स्थळे मात्र दोनाची चार होतात. या दोन संज्ञांची गल्लत विद्यार्थी फार करतात. सुरुवातीच्या शून्यांना कोणी ‘निरर्थक’ म्हणतात, तेही मला पटत नाही. ती काढून टाकली तर संख्याच बदलेल. त्यांना ‘स्थानदर्शक शून्ये’ म्हणावे.

खरी अडचण दशांशचिन्ह नसलेल्या संख्येच्या शेवटी येते. आपल्या इंदूर शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-2 या इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्राची ऊर्जा 2.5 जीईव्ही (गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) सांगतात. ती एमईव्हीमध्ये (मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) 2500 लिहिली, की सार्थ अंक दोन, तीन की चार, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. 2.5 × 10³ असे लिहिले की संदिग्धता संपते. शास्त्रीय लेखनात दहाच्या घाताची पद्धत आग्रहाने वापरतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आकडेमोडीचे नियम थोडक्यात सांगतो. गुणाकार-भागाकारात उत्तराचे सार्थ अंक सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या मापाइतके ठेवतात: 4.70 भागिले 1.3 केल्यास कॅल्क्युलेटर 3.615384615 दाखवील, पण लिहायचे 3.6. बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळे पाहतात: 10.254 ग्रॅम आणि 3.4 ग्रॅम यांची बेरीज 13.7 ग्रॅम. मोजून काढलेल्या वस्तूंची संख्या किंवा व्याख्येनेच ठरवलेली राशी यांना हे बंधन नसते. 1983 पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बेतलेली असल्यामुळे 299792458 मीटर प्रतिसेकंद हा वेग पूर्णतः नेमका धरला जातो.

मुलीला शिकवताना आपल्या बोलीकडेही लक्ष द्यावे. सव्वा, दीड, अडीच, साडेचार हे आपले सुरेख शब्द किंमत सांगतात, पण ती कुठवर मोजली ते सांगत नाहीत. ‘अडीच ग्रॅम’ ऐकून 2.5 लिहावे की 2.500, हे ठरवता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील वाचन मोठ्याने सांगताना ‘दोन दशांश पाच शून्य शून्य’ असा प्रत्येक अंक उच्चारावा आणि वहीत तो तसाच उतरवावा.