‘अजून चालत नाही?’ असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं

हा प्रश्न येतच राहणार, म्हणून आधी स्वतःचे आकडे पक्के करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय चालू लागली ती साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान. काही तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा पहिल्या वाढदिवसाला न चालणारं बाळ मागे पडलेलं नसतं.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करा. 8 आठवडे आधी आलेलं 10 महिन्यांचं बाळ 8 महिन्यांचं धरायचं. तुलना करणारे हे हमखास विसरतात.

कुणाच्या आग्रहाखातर वॉकर मात्र आणू नका. त्यात बाळ चवड्यांनी जमीन ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकतच नाही. जिन्यावरून पडण्याचा धोका वेगळाच. त्यापेक्षा अनवाणी उभं करा, सोफ्यावर खेळणं हातभर लांब ठेवा. आधी पोट टेकवून उभं राहील, मग कडेकडेने सरकेल, मग एक हात सोडेल. हीच खरी तयारी.

लोकांना एकच वाक्य द्या: "डॉक्टर बघताहेत, आम्ही लक्ष ठेवून आहोत." खुलासे करत बसलात की सल्ले वाढतात.

पण बाळाला आधी येत असलेली गोष्ट बंद पडली, वर्षाच्या आत एकच हात वापरला जातोय, नावाने हाक मारली तरी वर्षाचं मूल बघत नाही किंवा 18 महिन्यांनंतरही चालत नाही, तर "होईल हळूहळू" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.