ओसरीवरचा पासवर्ड

प्रश्न : मोरजी येथील आमच्या घरातील तीन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. वायफायचा पासवर्ड ओसरीवर लिहून लावलेला आहे आणि त्याच वायफायवरून मी बँकेचे व्यवहारही करते. पासवर्ड असल्यामुळे ते सुरक्षित आहेत, असे समजावे का?
— एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : तसे समजू नये. वायफायच्या लहरी आवाक्यातील कोणालाही टिपता येतात, म्हणून सारी भिस्त त्यांतील मजकूर कूटबद्ध करण्यावर, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात बदलण्यावर असते. अनेक घरांत अजून २००४ साली आलेली डब्ल्यूपीए-२ ही पद्धत चालते. तिच्यात प्रत्येक फोनची किल्ली, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणारा आणि उलगडणारा गुप्त संकेत, वेगळी असली, तरी ती सामायिक पासवर्ड आणि जोडणीच्या वेळी उघडपणे होणारी देवाणघेवाण यांवरून तयार होते. त्यामुळे ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने ती देवाणघेवाण टिपली आहे, त्याला आपल्या फोनचीही किल्ली काढता येते. पासवर्ड आपण प्रत्येक पाहुण्याच्या हाती आधीच दिलेला आहे.

बँकेच्या संकेतस्थळाला एचटीटीपीएसचे, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचे, स्वतंत्र संरक्षण असते, हा मोठा दिलासा. तरीही आपण कोणते संकेतस्थळ उघडले, हे लहरी टिपणाऱ्याला बहुधा कळते. ब्राउझरने संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर तो डावलून कधीही पुढे जाऊ नये.

राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायची सोय असल्यास पाहुण्यांना तेच द्यावे आणि घरच्या नेटवर्कवर २०१८ साली जाहीर झालेली डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडावी. तिच्यात पासवर्ड ठाऊक असूनही नुसते ऐकणाऱ्याला किल्ली काढता येत नाही. मात्र पासवर्ड जाणणारा त्याच नावाचे बनावट वायफाय उभारू शकतो, म्हणून दोन्ही नेटवर्कचे पासवर्ड वेगळेच हवेत. पासवर्डऐवजी पिन देऊन जोडणी करू देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी : तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. राउटर फक्त डब्ल्यूईपी ही कूटबद्ध करण्याची जुनी पद्धत जाणत असेल, तर तो बदलावाच. ती पद्धत २००१ सालीच मोडली गेली.

नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. तो मला निरुपयोगी वाटतो, कारण जोडणी करताना आपला फोनच ते नाव उघडपणे उच्चारतो.

सध्याचा पासवर्ड मात्र आजच बदलावा, कारण ओसरीवरून तो किती जणांच्या फोनमध्ये गेला आहे, याची मोजदाद आता शक्य नाही.