मैत्रिणीकडे एकटीच जाऊ का?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहते, वय ५८. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण सोलापूरला असते. आठ महिन्यांपूर्वी तिचे मिस्टर अचानक गेले. तेव्हा माझ्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या म्हणून मला जाता आलं नाही. फोन होतो, पण ती "मी बरी आहे गं" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. मुलगा म्हणतो, आई एकटी कशाला जातेस, एखाद्या रविवारी गाडी काढू, सगळेच जाऊन येऊ. तो रविवार काही येत नाहीये. सासूबाईंमुळे मला फार दिवस बाहेर राहता येणार नाही. सकाळी निघून रात्री परत, असं जमेल का? इतक्या लांब मी एकटी कधी गेलेली नाही. आणि माझ्या जाण्याने तिलाच त्रास होणार नाही ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, जा. आणि एकट्याच जा. मुलगा काळजीनेच बोलतोय, त्याचं काही चुकत नाही, पण जरा डोळ्यासमोर आणून बघा, तुम्ही चार-पाच जणं गाडीतून उतरलात की ती पहिलं काय करणार? ओट्यापाशी जाणार. चहा, मग पोहे, मग "आता जेवूनच जा", तुमची सून म्हणणार काकू मी करते, ती म्हणणार तू बस गं, मुलगा हॉलमध्ये हार घातलेल्या फोटोसमोर अवघडून बसलेला, आणि ह्या सगळ्यात तुम्हा दोघींना मिळणार सिंकपाशी उभं राहून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांतही ती "मी बरी आहे" हेच म्हणणार. समोर तुम्ही एकट्या असलात तरच ती बोलेल. त्यामुळे "सोबत कोणी नाही म्हणून एकटी" असा विचारच करू नका, ही भेट एकटीनेच करायची आहे.

आता वेळेचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. पुणे-सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि ह्या मार्गावरच्या सोयीच्या गाड्या आहेत त्या सोलापूरकरांच्या सोयीच्या. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून परत जाते. वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली, तिचंही तसंच, पहाटे सहाच्या सुमाराला सोलापूरहून सुटते, नऊच्या आसपास पुण्यात, आणि संध्याकाळी मुंबईहून उलटी. म्हणजे सोलापूरच्या माणसाला पुण्यातली कामं उरकून रात्री घरी झोपायला जाता येतं, तुम्हाला उलट्या दिशेने ते जमत नाही. सकाळी पुण्याहून इंद्रायणी आहे, साडेनऊच्या सुमाराला निघते आणि दुपारी दीडच्या आसपास पोचते, पण तीच गाडी दोनच्या सुमाराला परत फिरते, त्यात भेट कसली होणार!

म्हणून मला विचाराल तर एक रात्र राहाच. शनिवारी सकाळी इंद्रायणीने जा, दुपारी तिच्याकडे जेवा, संध्याकाळ आणि रात्र तुमची, आणि रविवारी पहाटेची वंदे भारत पकडून दहा-साडेदहापर्यंत घरात. चोवीस तासांचा मामला आहे, सासूबाईंजवळ एक रात्र मुलगा-सून थांबतील की. मुलाला मदतच करायची आहे ना, मग ही करू दे, त्याच्या आजीच्या गोळ्यांच्या वेळा त्याला कागदावर लिहून द्या आणि निघा. बायकांचं खरं बोलणं दिवे मालवून अंथरुणावर पडल्यावर सुरू होतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि नवरा गेलेल्या बाईला रात्रच सगळ्यात मोठी वाटते, त्या एका रात्री घरात दुसरं माणूस असणं हे तुमच्या दहा फोनपेक्षा जास्त आहे.

वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते आणि वेळाही अधूनमधून बदलतात, तेव्हा रिझर्व्हेशन करताना दोन्ही नीट बघून घ्या. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारची सीट शेवटच्या आठवड्यात मिळेल ह्या भरवशावर राहू नका. तुम्ही कोथरूडच्या, म्हणजे वनाजहून मेट्रोने थेट पुणे स्टेशन, सामान एक खांद्यावरची बॅग एवढंच ठेवा म्हणजे कुणाला सोडायला या म्हणायलाही नको.

रात्र राहणं अगदीच शक्य नसेल तर एसटी. स्वारगेटहून पहाटेची गाडी धरा, पाच-साडेपाच तास धरून चाला, साडेदहा-अकराला पोचाल. परतीसाठी चार-साडेचारला सोलापूर सोडा, पाच तास भेटीचे मिळतील आणि साडेनऊ-दहाला स्वारगेट. दगदग आहे, पण होतं. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. फक्त आषाढी-कार्तिकीच्या आसपास हा बेत करू नका, गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि जी मिळेल तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा असते, गाव भरलेलं असतं, तेही दिवस टाळा. एप्रिल-मे तर नकोच, तिथलं ऊन चाळिशीच्या वर जातं.

एकटीने प्रवासाची धाकधूक पहिला तासभरच असते हो. खिडकी घ्या. दौंड गेलं, भिगवण गेलं की गाडी उजनीच्या पाण्यावरून जाते, एरवी सगळा कोरडा मुलूख आणि मधेच हे अफाट पाणी, त्यात बुडालेल्या झाडांचे नुसते शेंडे वर, थंडीचे दिवस असतील तर काठाला फ्लेमिंगो, ज्यांना तिकडे रोहित म्हणतात ते. मला हा पट्टा फार आवडतो. तिथे मोबाईल पर्समध्ये ठेवा. पुढे कुर्डुवाडी जंक्शनला गाडी थांबते, घरी एक मेसेज टाका, बास. दर स्टेशनला रिपोर्ट द्यायची गरज नाही. डब्यात कुणाचा त्रास झाला तर १३९ हा रेल्वेचा नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.

तिला त्रास होईल का म्हणता, तर तो कमी करणं तुमच्या हातात आहे. सरप्राइज देऊ नका. ज्या घरात आठ महिन्यांपूर्वी अचानक असं घडलंय तिथे अचानक बेल वाजवायची नाही. तारीख सांगा, गाडी सांगा, आणि सांगतानाच म्हणा की मी आल्यावर आपण दोघी मिळून पिठलं करू, तू काही करून ठेवायचं नाहीस. न्यायला मिठाईचा बॉक्स नको, एकट्या माणसाच्या घरात तो फ्रीजमध्ये पडून राहतो. घरची थालीपिठाची भाजणी न्या, थोडं मेतकूट न्या. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो तेव्हा असलं काहीतरी हाताशी असलेलं बरं पडतं. (येताना ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देणारच, नाही म्हणू नका. तिला कुणाला तरी काही द्यावंसं वाटतंय ही चांगलीच गोष्ट आहे.)

गेल्यावर "झालं ते झालं, आता मुलांकडे बघ" हे मात्र नको. ते तिने ह्या आठ महिन्यांत प्रत्येक येणाऱ्याकडून ऐकलेलं आहे. तुम्ही भाऊजींचं नाव घ्या. लोक मयत माणसाचं नाव घ्यायचं टाळतात, बाईला वाटतं सगळे विसरले. त्यांची एखादी सवय, लग्नातली एखादी गंमत, जे आठवेल ते बोला. ती रडली तर रडू द्या, लगेच पाण्याचा ग्लास घेऊन धावू नका. आणि तुम्हाला तेव्हा येता आलं नाही हे एकदाच, सरळ सांगा, तिला कारण माहीत आहे, त्यावर तास घालवू नका. पेन्शनचे, बँकेचे कागद तिने स्वतःहून काढले तर चष्मा लावून शेजारी बसा, नाही काढले तर तुम्ही विषय काढू नका.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. नाशिकला त्यांचा शाळेतला मित्र आहे, त्याला भेटायला एकटे एसटीने जायचं म्हणतात. मी येतो म्हटलं तर चिडतात. पाठवू का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर: तब्येत बरी असेल तर जाऊ द्या, चिडणं साहजिक आहे, मित्राला भेटायला मुलाचं बोट धरून कोण जाईल! गाडी स्वारगेटला शोधू नका, नाशिकच्या गाड्या शिवाजीनगर आगाराच्या, आणि मेट्रोच्या कामापासून ते स्टँड वाकडेवाडीला हलवलंय. ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, हे त्यांच्या डोक्यात नसेल तर सांगून ठेवा. सकाळची गाडी, पुढची सीट, गोळ्या शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही. शुगर असेल तर नारायणगाव-संगमनेरच्या दरम्यान कधीतरी थांबेल त्यावर अवलंबून न राहता डबा सोबत द्या. मित्राचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा मित्राकडे, एवढं झालं की मधे फोन करू नका. आणि गाडी नाशिकला ठक्कर बाजारला जाते का महामार्ग स्टँडला, हे तिकीट काढतानाच कंडक्टरला विचारून मित्राला कळवायला सांगा, नाहीतर तो बिचारा भलत्याच स्टँडवर उभा राहील.