वजन वाढलं नाही, तरी रोलिंग केलेला भराव पावसात खचला कसा?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या प्लॉटवर मातीचा 3 मीटर भराव, मे महिन्यात त्यात पहारसुद्धा शिरत नव्हती, आणि जुलैत वर काहीही न बांधता तो खचला. वजन तेच, मग माती यील्ड झाली, म्हणजे कायमची दबली कशी, असं तुम्ही विचारलंय.

वजन तेच राहिलं, यील्डची मर्यादा खाली आली. अर्धवट ओल्या मातीत बारीक छिद्रांतलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. हे सक्शन जितकं जास्त, तितका जास्त दाब माती कायमची न दबता पेलते. समजा, सक्शन 200 किलोपास्कल (दाबाचं एकक) असताना ही मर्यादा 120 आहे आणि पूर्ण भिजल्यावर 40. तुमच्या भरावाच्या तळाशी स्वतःच्याच वजनाचा दाब साधारण 54 येतो. उन्हाळ्यात तो मर्यादेच्या बराच आत होता. पाणी मुरलं, सक्शन गेलं, आणि तोच 54 मर्यादेबाहेर पडला. हे दबणं कायमचं. माती पुन्हा वाळली तरी भरून येत नाही.

गंमत म्हणजे वरचा थर त्याच पाण्याने फुगू शकतो, कारण तिथे दाब कमी असतो. सक्शन घटलं की माती फुगायलाच हवी, असं मृदा-अभियंता बिशप यांच्या 1959च्या इफेक्टिव्ह स्ट्रेसच्या (मातीच्या कणांवर प्रत्यक्ष येणाऱ्या ताणाच्या) सूत्रातून निघतं. ते पुरेसं नाही, हे जेनिंग्ज आणि बर्लंड यांनी 1962 मध्ये दाखवलं. फुगणं आणि खचणं एकाच चौकटीत बसवलं ते अलोन्सो, जेन्स आणि होसा यांनी 1990 मध्ये. ते मॉडेल बार्सिलोना नावाने ओळखलं जातं.

आता आपल्याकडचा खरा घोळ. मे महिन्यात टँकर महाग, म्हणून माती ओएमसीपेक्षा (ज्या ओलाव्यावर ती सर्वात घट्ट दबते, त्यापेक्षा) कोरडीच दाबली जाते. ढेकळं फुटत नाहीत, त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळ्या तशाच राहतात, आणि भिजल्यावर त्याच मिटतात. सँड रिप्लेसमेंटच्या (जागेवर खड्डा करून, त्यात वाळू भरून घनता मोजण्याच्या चाचणीच्या) रिपोर्टात प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्के घनता आली की सगळे खूश. शेजारचा ओलाव्याचा आकडा कोणी वाचत नाही. माझ्या मते तो आधी वाचावा.

फ्लोअरिंगची घाई करू नका. तळाचा अखंड नमुना काढून ईडोमीटरमध्ये (माती दाबून ती किती बसते ते मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात), आहे त्याच ओलाव्यावर, 54 किलोपास्कलपर्यंत दाबायला सांगा आणि मग पाणी सोडायला लावा. पाणी सोडल्यावर नमुना त्याच्या जाडीच्या जेवढे टक्के बसेल, तळाच्या थराचं साधारण तेवढे टक्के खचणं अजून बाकी आहे. वर घर बांधणार असाल, तर त्याचं वजनही त्या 54 मध्ये धरा.