दिल्लीत धुकं पडलं की पुण्याचं विमान का रखडतं? गणितानं हे टाळता येईल का?

धुकं टळत नाही, पण त्याचा फटका किती विमानांना बसेल हे गणितानं नक्की कमी करता येतं. स्वारगेटहून येणारी गाडी सातारा स्टँडवर उशिरा लागली की तिची परतीची फेरीही उशिरा सुटते, तसंच हे. एकच विमान दिवसात अनेक फेऱ्या करतं, म्हणून सकाळचा उशीर रात्रीपर्यंत पुढे सरकत राहतो.

अशा वेळी कोणतं विमान कोणती फेरी करणार, विमान-फेरीच्या प्रत्येक जोडीला 1 (हे विमान ही फेरी करेल) किंवा 0 (करणार नाही) धरून, एकूण उशीर आणि रद्द फेऱ्या कमीत कमी ठेवणारी वाटणी संगणक शोधतो. नुसती 20 विमानं 20 फेऱ्यांना वाटायची, तरी 24 वर 17 शून्यं इतके प्रकार होतात! पूर्णांक प्रोग्रामिंग, म्हणजे 0, 1 अशा पूर्ण संख्यांतच उत्तर शोधायची ही गणिती पद्धत, त्यातले बहुतेक एकेक न तपासताच बाद करतं.

खरी कसोटी वैमानिकांच्या ड्यूटीची. त्यांचे तास नियमानं बांधलेले आहेत आणि ते मोडूच नयेत. म्हणून कधी विमान तयार असूनही फेरी रद्द होते.

वेळापत्रक आखतानाच मोक्याच्या फेऱ्यांमध्ये थोडा मोकळा वेळ सोडणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. पण तेवढा वेळ विमान जमिनीवर राहतं, म्हणजे कमाई बंद.

साताऱ्याहून पुण्याला जाऊन विमान पकडणार असाल, तर शक्यतो पहाटेचं, रात्री पुण्यातच मुक्कामी असलेलं निवडा.