घर मालकाचं, फ्रिज आपला

गेल्या अंकात स्वतःच्या फ्लॅटच्या विम्यावर लिहिलं आणि भाड्यानं राहणाऱ्यांची पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच: ‘आम्ही काय रस्त्यावर राहतो का?’ रास्त आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यांचं. माझी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. त्यामुळे पॉलिसी हातात आली की तिच्या गुळगुळीत पहिल्या पानाकडे मी बघत नाही, मागच्या बारीक अक्षरांकडे बघते. उत्तरंही त्याच सवयीनं दिली आहेत.

काकू, आम्ही सिंहगड रस्त्याला एकतानगरीच्या बाजूला तळमजल्यावर भाड्यानं राहतो. २५ जुलै २०२४ ला पाणी घरात शिरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं गेलं. मालक म्हणाले, सोसायटीचा विमा आहे, बघू. आम्हाला दमडी मिळाली नाही. आता एक एजंट फ्लॅटची किंमत ६५ लाख धरून पॉलिसी घ्या म्हणतोय. आमचा करार अकरा महिन्यांचा. घ्यावी का? आणि धरणातून सोडलेल्या पाण्याला कंपनी पूर मानते का?
— एक वाचक, पुणे

एजंटाला चहा द्या आणि परत पाठवा. ६५ लाख ही भिंती, स्लॅब आणि जागेची किंमत. त्यातलं तुमचं काय आहे? भिंत पडली तर नुकसान मालकाचं होतं, तुमचं नाही. आणि ज्या वस्तूच्या नुकसानीनं आपलं आर्थिक नुकसान होत नाही, तिचा विमा आपल्याला काढता येत नाही. हप्ता घेतील आनंदानं. दाव्याच्या वेळी मात्र पहिला प्रश्न येईल, ‘घर कुणाच्या नावावर?’ शिवाय जागेची किंमत विम्यात धरायचीच नसते, मालकानंसुद्धा. जमीन वाहून जात नाही.

सोसायटीचा विमा इमारतीचा असतो. मालकाचा असलाच, तर त्याच्या फ्लॅटचा. काही मालक सांगतात, ‘माझ्या पॉलिसीत सामानही येतं.’ येतं, खरं आहे. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरलं जातं. पण ते सामान पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचं. तुमचा फ्रिज त्यात बसत नाही.

तुम्हाला हवा आहे तो फक्त घरसामानाचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या मजकुराची पॉलिसी लागू केली. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावी लागते आणि ती इमारत वगळून नुसत्या सामानासाठी घेता येते. एजंट ‘असं काही नसतं’ म्हणाला, तर त्याला तसं लिहून द्यायला सांगा. बहुधा देणार नाही.

या पॉलिसीत आग, स्फोट, भूकंप, वादळ, दरड, दंगल आहे, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान आहे आणि पूर आहे. पुराबरोबर जलमय होणं हेही लिहिलेलं आहे. पाणी ढगातून आलं, नाल्यातून आलं की खडकवासला धरणातून सोडलं, असा भेद त्या मजकुरात केलेला नाही. धरणाचं पाणी कुणी किती सोडलं हा वाद पाटबंधारे खात्याशी घालायचा. कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला तुमच्या भिंतीवरची चिखलाची रेघ पुरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात जे केलं, तेही पुराच्या याच कलमात बसणारं.

रक्कम किती धरायची? इथं लोक चुकतात, कारण ते सोफ्यावर बसून अंदाज करतात. उठा, कागद घ्या आणि खोलीखोलीतून फिरा. फ्रिज-टीव्ही सगळ्यांना आठवतो. गाद्या आठवत नाहीत. मिक्सर, इस्त्री, कुकर, भांड्यांचा रॅक, मुलांचे बूट, पडदे, दिवाळीला घेतलेल्या साड्या हे कुणी लिहीत नाही. प्रत्येकापुढे आज दुकानात नवीन घ्यायला किती पडतील तो आकडा टाका. आठ वर्षांपूर्वीच्या बिलावरचा नको. दोन खोल्यांचा साधा संसारही चार-पाच लाखांवर सहज जातो. पूर्वी कमी रकमेचा विमा असला की दावाही त्या प्रमाणात कापला जाई. दोन लाखांच्या सामानाला एक लाखाचा विमा, तर नुकसानीच्या निम्मेच पैसे. भारत गृह रक्षामध्ये ही कापाकापी काढून टाकली आहे. पण विम्याच्या रकमेपेक्षा एक रुपया जास्त मिळत नाही, तेव्हा आकडा खराच लिहा. आग-पुराच्या भागाचा हप्ता या रकमेला काही शेकडे रुपयांत असतो, त्यामुळे काटकसर करायची ही जागा नव्हे.

अर्जात पूर्वीच्या पुराबद्दल विचारलं तर २०२४ चं पाणी सांगून टाका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी हमखास वर येते.

अकरा महिन्यांच्या कराराची अडचण नाही, पण करार नोंदवलेला असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तुम्ही त्या पत्त्यावर राहता याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. घर बदललंत तर विमा आपोआप तुमच्यामागे येत नाही. तो त्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो. कंपनीला कळवून नव्या पत्त्याचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, घ्यायचं, आणि टेम्पोतल्या प्रवासाचा विमा आणखी वेगळा.

पाणी पुन्हा आलंच, तर भिजलेलं सामान लगेच फेकू नका. पूर ओसरला की सगळी गल्ली गाद्या रस्त्यावर टाकते, महापालिकेची गाडी उचलून नेते आणि मग सर्व्हेअरला दाखवायला घरात फक्त वास उरतो. फोटो काढा, फ्रिजमागची सिरीयल नंबरची पट्टी दिसेल असेही काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा, सरकारी पंचनामा होत असेल तर नाव घालून घ्या. आणि भिजलेला टीव्ही ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका. शॉर्ट सर्किटनं यंत्र स्वतःच जळालं तर ते या पॉलिसीतून वगळलेलं आहे, आणि मग पाण्यानं गेला की विजेनं, हा वाद तुम्हीच ओढवून घेतलेला असतो.

मॅडम, आम्ही नाशिकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गणपतीला गावी गेलो असताना कुलूप तोडून चोरी झाली. लॅपटॉप, रोख रक्कम आणि बायकोचं मंगळसूत्र गेलं. आमच्याकडे भारत गृह रक्षा आहे. कंपनी म्हणते चोरी यात बसत नाही, पण पॉलिसीत ‘चोरी’ शब्द मी स्वतः वाचला आहे. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, नाशिक

तुम्ही वाचलेला शब्द तिथं आहे. त्याच्या आधीचं अर्धं वाक्य सुटलं. आग, पूर, भूकंप, दंगल यांपैकी काही घडलं आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती भरपाईत येते. घर पडलं, दार उघडं राहिलं, कुणी सामान पळवलं, अशा प्रसंगासाठी ते कलम आहे. सुट्टीतली घरफोडी त्यात नाही. मला विचाराल तर भाडेकरूंच्या बाबतीत या पॉलिसीतली सगळ्यात मोठी फट हीच. भाड्यानं राहणाऱ्याला पुराइतकीच धास्ती कुलपाची असते. आधीच्या भाडेकरूकडे कुठली किल्ली राहिली, कुणाला ठाऊक? घरफोडीचा भाग वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि विकणारा तो आपणहून सांगेलच असं नाही.

आता पॉलिसीचं वेळापत्रक, म्हणजे तुमचं नाव-पत्ता-रक्कम असलेलं पान, काढा. त्यात घरफोडीच्या नावानं रक्कम लिहिली आहे का ते बघा. असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. पण त्या पानावर घरफोडीची रक्कमच नसेल, तर लोकपालही काही करू शकणार नाहीत, चपला झिजवू नका.

पुढच्या वेळेसाठी तीन गोष्टी. घरफोडीच्या कलमात दार-खिडकी जबरदस्तीनं उघडल्याची खूण बहुतेक कंपन्या मागतात, म्हणजे किल्लीनं उघडून नेलेलं सामान अडकतं. घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं तेही वाचा. आणि दागिने साध्या घरसामानात मोडत नाहीत. त्यांचा मौल्यवान वस्तूंचा वेगळा भाग असतो, सराफाचं मूल्यांकन मागितलं जाऊ शकतं, आणि तो घेतला तरी घरफोडीचं कलम वेगळंच घ्यावं लागतं. रोख रकमेची आशा सोडा.

मी विमाननगरला पीजीत राहते. खोलीत तिघी. माझ्या लॅपटॉपचा विमा घरसामानात निघेल का?
— एक विद्यार्थिनी

काढून उपयोग कमी. सामायिक खोली, सामायिक किल्ली, कुलूप फुटलेलं नाही: तुमचा दावा इथंच अडकेल. आईवडिलांच्या घराची पॉलिसीही पीजीपर्यंत पोचेलच असं नाही, कारण ती त्यांच्या पत्त्याची. लॅपटॉपचा स्वतंत्र विमा बघा आणि त्यात चोरी आहे की नुसतं पडणं-फुटणं, ते विचारा. त्याच्याही आधी कपाटाला स्वतःचं कुलूप लावा.

माझी मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत जर्सी सिटीला गेली आहे. तळघरातली स्वस्त जागा मिळते आहे, पण मालक म्हणतो आधी भाडेकरूचा विमा काढ, त्याशिवाय किल्ली नाही. हा पैसे उकळण्याचा प्रकार तर नाही ना?
— एक वडील, सातारा

नाही हो. तिकडे हे सर्रास चालतं. त्या पॉलिसीला ‘एचओ-४’ म्हणतात आणि तिचे मुख्य भाग तीन: मुलीचं सामान, घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचा जादा खर्च, आणि दायित्व, म्हणजे तिच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं किंवा कुणाला इजा झाली तर द्यावी लागणारी भरपाई. मालकाला रस असतो तो या तिसऱ्यात. साधारणपणे १ लाख डॉलरची अट घालतात. आपल्याकडच्या नुसत्या सामानाच्या पॉलिसीपेक्षा हे जास्त व्यापक आहे आणि चोरीही त्यात सहसा येते.

दोन गोष्टी तिला विचारायला सांगा. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं की घसारा, म्हणजे वापरानं कमी झालेली किंमत, वजा करून? पहिली घ्यावी, हप्ता थोडा जास्त पडला तरी. आणि खोलीत मैत्रीण राहणार असेल तर तिचं सामान आपल्या मुलीच्या पॉलिसीत आपोआप येत नाही. तिची वेगळी पॉलिसी.

मला खटकतंय ते तळघर. आपल्या भारत गृह रक्षात पूर आहे. तिकडच्या एचओ-४ मध्ये पूर नाही. त्यासाठी सरकारी पूरविमा योजनेची वेगळी पॉलिसी लागते आणि ती सहसा ३० दिवसांनी लागू होते. ती घेतली तरी चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या जागेत कपडे, पलंग, टेबल, संगणक यांना भरपाई मिळत नाही. कपडे धुण्याचं यंत्र, फ्रीझर अशा मोजक्याच वस्तूंना मिळते. म्हणजे तळघरातल्या भाडेकरूला ती जवळजवळ निरुपयोगी. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या उरलेल्या पावसानं न्यू यॉर्क-न्यू जर्सीत थैमान घातलं, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये लोक तळघरातल्या घरांतच बुडून गेले. भाडं जास्त पडलं तरी मुलीला वरच्या मजल्यावर जागा घेऊ द्या. विम्याचं नंतर बघू.

आमचा गॅस अजून आधीच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर आहे. सिलिंडरचा विमा असतो म्हणतात, तो आम्हाला लागू होईल का?
— एक गृहिणी, कोल्हापूर

असतो. सरकारी तेल कंपन्या आपल्या घरगुती गॅस ग्राहकांसाठी दायित्व विमा काढतात, त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख. उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत, पण एका अपघाताला सगळ्यांचे मिळून ३० लाखांपर्यंत. आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका अपघाताला २ लाखांपर्यंत. मालमत्तेची भरपाई मात्र नोंदवलेल्या पत्त्यावरच्या जागेचीच. तुमचं कनेक्शन जुन्या पत्त्यावर आणि शेगडी नव्या घरात, म्हणजे तुम्ही नेमकं तेच गमावून बसलात. मालकाच्या नावावरचा सिलिंडर वापरणारे भाडेकरूही हाच घोळ करून ठेवतात.

वितरकाकडे जाऊन पत्ता बदलून घ्या. नोंदवलेल्या भाडेकराराची प्रत सोबत न्या. रबरी नळीवर छापलेली मुदत बघा, संपली असेल तर त्याच फेरीत नवी घ्या आणि पावती ठेवा. अपघात झालाच तर वितरकाला लगेच लेखी कळवायचं, विमा कंपनीला पुढे तो कळवतो. दुसऱ्या वितरकाच्या हद्दीत गेला असाल तर कनेक्शन तिकडे वर्ग करावं लागेल, त्यासाठी मूळ कागद शोधून ठेवा.