थाळनेरच्या सैनिकांची अहिराणी

प्रश्न : धुळे जिल्ह्यातील थाळनेर किल्ल्यावर बेतलेल्या डावपेचांच्या व्हिडिओ गेममधील पात्रांना अहिराणी आवाज कसे द्यावेत? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : अशा खेळात एकच सैनिक पुनःपुन्हा निवडला जात असल्याने प्रत्येक आज्ञेसाठी चार-पाच निरनिराळी, एका-दोन सेकंदांत संपणारी उत्तरे ध्वनिमुद्रित करावीत, अन्यथा उत्तम आवाजही लवकरच कंटाळवाणा होतो. शिवाय खान्देशाची बोली एकच नाही : ‘काय करी रायना?’ (काय करतो आहेस?) असे अहिराणीत विचारणारा धुळ्याकडचा सैनिक आणि यावल-रावेरकडची लेवा गणबोली बोलणारा शेतकरी वेगळे ऐकू आले पाहिजेत. प्रमाण मराठीत नुसता ‘ळ’च्या जागी ‘य’ घातला, तर ती (निदान आम्हांला तरी) नक्कल वाटते. म्हणून संवाद त्या त्या गावच्या माणसांकडूनच म्हणवून घ्यावेत आणि बोली केवळ विनोदी पात्राला न देता सेनापतीलाही द्यावी.